हाँगकाँगमध्ये डिम सम खायला बसताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौघं जण पहिल्यांदाच हाँगकाँगला निघाले आहेत. एक पूर्ण शाकाहारी, एक गोमांस आणि डुकराचं मांस न खाणारा, दोघांना सगळं चालतं. नव्या धाटणीच्या चांगल्या कँटनीज रेस्तराँत एकदा दुपारी डिम सम, म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे वाफवलेले-तळलेले पदार्थ, खायचे आहेत. कधी जावं, काय आणि किती मागवावं, आणि समोर आलेलं चांगलं आहे की नाही हे कसं ओळखावं?

पुढचं सगळं एकाच गोष्टीवरून ठरतं, म्हणून ती आधी. डिम सम वाफेवरून उतरल्यावर फार थोडी मिनिटं चांगलं राहतं. हार गाव हे कोळंबीचं डंपलिंग पाच मिनिटांत शिजतं आणि पुढच्या पाच-सात मिनिटांत उतरणीला लागतं. वेळ, चहा, ऑर्डरचा क्रम, (पदार्थ ज्यांत वाफवून येतात त्या) छोट्या टोपल्यांची संख्या, सगळं या हिशोबाने ठरवावं. उत्तम स्वयंपाकघरातला उत्तम माल टेबलावर थंड होऊन वाया जातो, तो बहुतेक वेळा एकाच दमात पंधरा टोपल्या मागवल्यामुळे.

डिम सम हे सकाळ-दुपारचं खाणं आहे. पारंपरिक चहाघरं पहाटेपासून उघडी असतात. मोठ्या हॉटेलांमधली रेस्तराँ मात्र साधारण बारा ते अडीच-तीन याच वेळात डिम सम देतात आणि रात्री त्यांचा मेनू वेगळा असतो. मुंबईत बीकेसीच्या याउआचा रेस्तराँमध्ये रात्री डिम सम खाण्याची सवय झालेल्यांची इथे फसगत होते. ती लंडनच्या मूळ याउआचाने २००४ पासून रुजवलेली पद्धत आहे, हाँगकाँगची नव्हे. कारण स्वयंपाकघरात आहे: डिम समचे आचारी पहाटे कामाला लागतात, सारणं आणि पिठं सकाळी तयार होतात आणि दुपारनंतर ती फळी घरी जाते. म्हणून शक्यतो उघडण्याच्या वेळेलाच, साडेअकरा-बाराचं टेबल घ्यावं. दोननंतर बऱ्याच साध्या ठिकाणी दर कमी होतात, पण निवडही कमी होते. रविवारी तीन-तीन पिढ्यांची कुटुंबं दुपारभर बसलेली असतात, तेव्हा मंगळवार-बुधवार बरा. नावाजलेल्या हॉटेलात दोन-तीन आठवडे आधी बुकिंग करावं आणि त्याच वेळी शाकाहारी व्यक्ती आहे हेही कळवावं. आयत्या वेळी सांगितलं तर सकाळीच तयार झालेल्या सारणात बदल करता येत नाही.

कुठे जावं? फोर सीझन्स हॉटेलमधलं लुंग किंग हीन हे मिशेलिनचे तीन तारे मिळवणारं पहिलं चिनी रेस्तराँ, २००९ च्या गाइडमध्ये. तिथेच काम केलेले माक क्वाय पुई यांनी २००९ साली माँग कॉकमध्ये टिम हो वान हे छोटंसं दुकान काढलं आणि स्वस्तात तारांकित डिम सम अशी त्याची ख्याती झाली. आज ती देशोदेशी पसरलेली साखळी आहे. जुनी हवा अनुभवायची तर स्टॅनले स्ट्रीटवरचं लुक यू टी हाउस १९३३ पासून आहे. ढकलगाड्यांवरून टोपल्या फिरवण्याची पद्धत आता मोजक्या ठिकाणीच उरली आहे, सिटी हॉलमधलं मॅक्सिम्स पॅलेस हे त्यातलं प्रसिद्ध. गाडी बघायला मजा येते, पण तिच्यावरचं हार गाव किती वेळ फिरतंय हे आपल्याला कळत नाही. चवीसाठी जायचं असेल तर ऑर्डर आल्यावर वाफवणारं ठिकाणच निवडावं. नव्या धाटणीच्या रेस्तराँचा खरा फायदा हाच आहे; दिवे, काचा आणि क्रॉकरी नंतर.

बसल्याबरोबर पहिला प्रश्न चहाचा येतो. तो डोईवर पैसे लावून मिळतो, नाकारण्यात अर्थ नाही. पो ले, म्हणजे मुरवलेला काळपट पू-अर, तेलकट आणि मांसाच्या पदार्थांबरोबर सगळ्यात चांगला. मोगऱ्याच्या वासाचा हिउंग पिन कोळंबीबरोबर छान लागतो, पण किटलीत फार वेळ राहिला की कडवटतो. साव मेय हलका, कुणालाही चालणारा. पो लेचा मातकट वास नको वाटला तर त्यात शेवंतीची फुलं घातलेला गुक पो मागवा. यांत दूध-साखर नसते. चौघांत दोन वेगळे चहा सांगता येतात. बरोबर साध्या गरम पाण्याची दुसरी किटली येते: चहा गडद झाला की त्यातलं पाणी घालून तो पातळ करायचा. किटली रिकामी झाली की झाकण अर्धवट तिरपं ठेवा, वेटर न बोलावता पाणी भरून देतो. ओतताना आधी वडीलधाऱ्यांच्या कपात, शेवटी स्वतःच्या. कुणी आपल्या कपात ओतलं तर दोन बोटं टेबलावर हलकेच ठोकून आभार मानतात, बोलणं न थांबवता. साध्या ठिकाणी लोक पहिल्या चहाने कप आणि चॉपस्टिक विसळतात, त्यासाठी मोठं भांडंही ठेवलेलं असतं. भारी रेस्तराँत ते करत नाहीत.

मग छापील कागद आणि पेन्सिल मिळते. पदार्थांपुढे टोपल्यांचा आकडा लिहायचा. बहुतेक ठिकाणी इंग्रजी कागदही असतो, मागून घ्यावा. पदार्थांचे लहान, मध्यम, मोठं, विशेष असे दर्जे असतात आणि किंमत दर्जावर ठरते. हा आकार नसून दराचा गट आहे. एका टोपलीत हार गाव आणि श्यू माय (डुकराचं मांस आणि कोळंबीचं, वरून उघडं डंपलिंग) साधारण चार-चार येतात, बाव (सारण भरलेला पाव) आणि एग टार्ट बहुधा तीन. चौघांत तीन बाव आले की वाटणीचा घोळ होतो, म्हणून टोपलीत किती नग ते विचारून मगच आकडा लिहा. काही रेस्तराँ चौथा नग जादा दराने देतात. माणशी तीन टोपल्या आणि सगळ्यांत मिळून एक पालेभाजी, एक भाताचा किंवा नूडलचा पदार्थ, एवढं चौघांना पुरतं. म्हणजे बारा टोपल्या.

या बारा एकदम लिहू नका. दोन कागद मागा. पहिल्यावर चार-पाच वाफवलेले हलके पदार्थ: हार गाव, श्यू माय, चाँग फन (तांदळाच्या पापडीची गुंडाळी), एखादं भाजीचं डंपलिंग. ते संपत आले की दुसरा कागद द्या: बाव, तळलेलं, मुळ्याचा केक, भात. गोड सगळ्यात शेवटी, स्वतंत्र सांगून. स्वयंपाकघर टेबलाचा क्रम पाहत नाही, ज्या विभागाचं काम आधी होतं ते आधी बाहेर येतं. वाफेवर, तळणीवर आणि चाँग फनच्या पेटीवर वेगवेगळी माणसं असतात. एकच कागद दिला तर वू गोक हा कंदाचा तळलेला गोळा पहिला आणि हार गाव शेवटी, असंही होतं. कमलपानातला चिकट भात, लो माय गाय, मात्र वाफेवर वीसेक मिनिटं घेतो. तो हवाच असेल तर पहिल्याच कागदावर लिहा.

आता परीक्षेचा पदार्थ. हार गाव आलं की झाकण उघडून आधी नुसतं पाहा. आवरण अर्धपारदर्शक हवं, आतली गुलाबी कोळंबी दिसायला हवी. हे आवरण गव्हाच्या पिठाचं नसतं. गव्हातलं ग्लुटेन धुऊन काढल्यावर उरणारा पांढरा स्टार्च आणि त्यात साधारण पाव भाग टॅपिओका (साबुदाण्याच्या कंदाचा स्टार्च), यावर उकळतं पाणी ओतून उकड काढतात, अगदी मोदकाची काढतो तशीच. पाणी खळखळतं नसेल तर स्टार्च नीट फुलत नाही आणि आवरण वळतानाच चिरतं. उकडीत शेवटी थोडी डुकराची चरबी मळतात. गोळी लाटत नाहीत: धार नसलेल्या रुंद सुऱ्याच्या पात्याला तेल लावून, गोळीवर दाबून, मनगट फिरवून एका झटक्यात सात-आठ सेंटिमीटरची चकती करतात. मग एका बाजूनेच चुण्या घालत कंगव्यासारखी कड आणि फुगीर पोट तयार होतं. सात चुण्या किमान मानतात, कसलेला आचारी दहा-बारा घालतो.

चुण्या मोजण्यापेक्षा मला तळ महत्त्वाचा वाटतो. चॉपस्टिकने हार गाव जरासं फिरवून कागदापासून सोडवा, मग पोटाशी धरून उचला, खाली चमचा ठेवा. तळ कागदाला चिकटून फाटला तर दोन शक्यता: जास्त वाफवलंय, किंवा वाफवून ठेवून दिलंय. जास्त वाफेने कोळंबी आक्रसते, रस सुटतो आणि आवरण खालून भिजतं. ठेवून दिलेलं ओळखायला आणखी सोपं. गार होताना स्टार्च पुन्हा घट्ट होतो, आवरण दुधाळ, जाड आणि कडेला कोरडं दिसायला लागतं. वरची कड कच्च्या पिठासारखी लागली तर आवरण जाड राहिलंय. सगळी हार गावं मापात कापल्यासारखी तंतोतंत सारखी, मोजक्या चुण्यांची असतील तर ती बहुधा कारखान्यातून गोठवून आलेली आहेत. मोठ्या साखळ्यांत हे सर्रास चालतं.

चावल्यावर कोळंबी कुडुम वाजली पाहिजे. त्यासाठी ती सोलून, स्टार्च आणि थोड्या क्षाराने चोळून, थंड वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुतात आणि पूर्ण कोरडी करतात. मग मीठ लावून एकाच दिशेने घोटतात, म्हणजे ती स्वतःच चिकट होऊन एकमेकींना धरून राहते. बारीक चिरलेली बांबूची कोवळी कोंबं आणि थोडी चरबी सारणात असते. क्षार जास्त झाला की कोळंबी काचेसारखी टणक आणि बेचव होते, मागे साबणासारखी चव राहते. ही खोड महागड्या ठिकाणीही आढळते, कारण दिसायला ती कोळंबी फार सुंदर दिसते. हार गावाला सॉस लावू नका, निदान पहिल्याला तरी.

श्यू माय तुलनेने क्षमाशील. पिवळं पातळ आवरण, वरून उघडं, आत डुकराचं मांस, कोळंबी, शिताके मशरूम. मांस यंत्रातून काढलेलं नसावं, सुऱ्याने कापलेले बारीक तुकडे दाताखाली वेगवेगळे कळावेत. आवरण आणि सारण यांत फट पडली असेल तर मांस पुरेसं घोटलेलं नाही. वरचा केशरी ठिपका खेकड्याच्या अंड्यांचा असावा. पुष्कळदा ती माशाची अंडी किंवा गाजर असतं.

वाफवलेल्या चार स्यू (भाजलेलं गोडसर डुकराचं मांस) बावाचं डोकं तीन पाकळ्यांत आपोआप उकललेलं हवं. ते कापलेलं नसतं. खमिराच्या पिठात बेकिंग पावडर आणि अमोनियम बायकार्बोनेट असतं, आणि सुरुवातीलाच भडक वाफ मिळाली की वायू एकदम फुलून माथा फुटतो. वाफ मंद असली की बाव गोल आणि मिटलेलं राहतं. उघडताना अमोनियाचा उग्र दर्प आला तर प्रमाण चुकलंय किंवा बाव पुरेसं शिजलेलं नाही. पांढऱ्या पावावर पिवळे ठिपके म्हणजे पावडर नीट विरघळली नाही. टोपली बांबूची असण्याचं कारणही इथे कळतं: बांबू वाफेचं पाणी शोषतो, स्टीलच्या झाकणावरून ते बावावर टपकून चट्टे पडतात. टिम हो वानमुळे लोकप्रिय झालेला भाजलेला प्रकार वेगळा, वरून गोडसर खुसखुशीत कवच असलेला. दोन्ही एकाच जेवणात मागवण्याची गरज नाही.

चाँग फन म्हणजे तांदळाच्या पातळ घोळाची वाफवलेली पापडी, आत कोळंबी वगैरे घालून गुंडाळलेली. ती इतकी पातळ हवी की आतलं दिसावं, आणि चॉपस्टिकने उचलताना तुटू नये. सोया सॉस टेबलावरच ओततात. आधीच ओतलेला असेल तर पापडी तो पिऊन खारट होते. नव्या रेस्तराँत लाल तांदळाची पापडी, आत कुरकुरीत जाळी आणि त्यात कोळंबी असा प्रकार मिळतो. हा नवेपणा खरोखर उपयोगाचा आहे, मऊ आणि कुरकुरीत एकाच घासात मिळतं. पण जाळी चार-पाच मिनिटांत मऊ पडते, आली की लगेच खा.

वू गोक हा अळकुड्यांच्या जातीच्या मोठ्या कंदाचा तळलेला पदार्थ. बाहेर मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार साल येते ती शिजवलेला स्टार्च, चरबी आणि तेलाचं तापमान यांच्या मेळाने. तेल थंड असेल तर गोळा तेलातच विरघळतो, फार तापलेलं असेल तर साल गुळगुळीत राहते. जाळी सुंदर आणि हाताला कोरडी असेल तर तळणीवरचा माणूस कसलेला आहे, आणखी तळलेलं बिनधास्त मागवा.

ट्रफल (उग्र वासाची महागडी बुरशी), सोन्याचा वर्ख, वाग्यू (जपानी गोमांस), सोनमाशाच्या आकाराची डंपलिंग्ज, कात्रीने काटे काढलेले साळिंदराच्या आकाराचे बाव, हे सगळं आता हमखास दिसतं. आकाराचं कौतुक जरूर करावं. शेकडो पदरांचा, हंसाच्या आकाराचा पदार्थ तळणं ही मोठी कारागिरी आहे. ट्रफल तेलाबाबत मात्र सावध राहा. त्याचा वास इतका जबरदस्त असतो की खालची कोळंबी ताजी आहे की शिळी हे कळतच नाही. अशा नाटकी पदार्थांपैकी एकच घ्या, तोही हार गाव चांगलं निघाल्यावर दुसऱ्या फेरीत.

आता शाकाहाराचं. इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण नावात भाजी असली तरी पदार्थ शाकाहारी असतोच असं नाही. मुळ्याच्या केकमध्ये सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेज असतं. वू गोकमध्ये डुकराची चरबी असते आणि सारणातही मांस. एग टार्टच्या पदरांत, कमळबियांच्या गोड सारणात, हार गावाच्या उकडीत चरबी असू शकते. पालेभाजीवर ऑयस्टर सॉस असतो. आंब्याच्या पुडिंगमध्ये जिलेटिन असतं. तळणी बहुतेक एकच. ‘मांस नको’ म्हटलं तर वेटर मांसाचे तुकडे टाळेल, चरबी, सुकी कोळंबी आणि चिकन स्टॉक टाळेलच असं नाही. त्यापेक्षा ‘न्गो सिक जाय’ म्हणा, म्हणजे मी बौद्ध पद्धतीचं शाकाहारी खातो. हा शब्द तिथे सगळ्यांना कळतो आणि कांदा-लसूणही त्यात वगळला जातो. अंडं चालत नसेल तर ते वेगळं सांगावंच लागतं.

साधारण रेस्तराँत शाकाहारी माणसाला बिनसारणाचं चाँग फन, भाज्यांचं वाफवलेलं डंपलिंग, मशरूमचं बाव आणि फक्त आलं घालून परतलेली गाय लान ही पालेभाजी एवढं नीट मिळू शकतं. प्रत्येकाचं विचारून घ्यावं. एवढ्यात समाधान होत नाही, हे खरं. म्हणून या चौघांसाठी माझा सल्ला असा की दोन जेवणं करा. एक वर सांगितलेलं, आणि दुसरं पूर्ण शाकाहारी ठिकाणी: हाँगकाँग पार्कमधलं लॉक चा टी हाउस, तिथे चहाही उत्कृष्ट, किंवा डायमंड हिलला नान लियान गार्डनमधलं ची लिन व्हेजिटेरियन. तिथे कुणालाच काही विचारत बसावं लागत नाही.

गोमांस आणि डुकराचं मांस टाळणाऱ्याने श्यू माय, चार स्यू, वाफवलेले गोमांसाचे गोळे आणि गोमांसाचं चाँग फन सोडावं. कोळंबीचं चाँग फन आणि कोंबडीचे पाय निवडावेत. हार गावात चरबीचा अंश असतो, तो चालतो का ते ज्याचं त्याने ठरवावं. कोंबडीच्या पायांबद्दल नाक मुरडण्याआधी ते कसे होतात ते ऐका: आधी तळतात, मग थंड पाण्यात भिजवून कातडी फुगवतात, मग चक्रीफुलाच्या रश्श्यात शिजवतात आणि शेवटी काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये वाफवतात. दाबल्याबरोबर कातडी हाडावरून निसटली तर काम चोख झालंय. हाडं ताटलीत काढून ठेवायची असतात, त्यात संकोच नको.

टेबलावर दोन जोड्या चॉपस्टिक असतील तर एक वाढून घ्यायची, एक खायची. रंग किंवा जागा वेगळी असते. भाताच्या वाटीत उभ्या रोवू नका, तो अंत्यविधीचा संकेत आहे. स्प्रिंग रोल आणि गोमांसाच्या गोळ्यांबरोबर वुस्टर सॉस देतात. मुळ्याच्या केकला सुक्या शिंपल्यांचा एक्सओ सॉस शोभतो.

गोडात लाव सा बाव मागवलं तर एक काळजी घ्या. आत खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक, लोणी आणि साखर वितळलेली असते आणि ती बाहेरच्या पावापेक्षा खूप जास्त तापलेली असते. सरळ चावा घेतला की तोंड पोळतं. मिनिटभर थांबून, ताटलीवर धरून बाजूने फोडा. फार थांबलात तर लोणी थिजतं आणि सारण वाहत नाही.

बिलासाठी ‘माय दान’ म्हणायचं. त्यात माणशी चहा, न मागवता सुरुवातीला ठेवलेल्या शेंगदाण्या-लोणच्यांचे पैसे आणि १० टक्के सेवाशुल्क असतं. शेंगदाणे नको असतील तर बसतानाच परत द्यावेत. साध्या ठिकाणी टोपली ३० ते ५० हाँगकाँग डॉलरच्या घरात, मोठ्या हॉटेलात शंभरच्या आसपास किंवा वर जाते. सेवाशुल्क लावलेलं असताना वेगळी टिप द्यायची गरज नाही, सुटे परत आले तर ते तिथेच सोडतात. उरलेलं बांधून घ्यायचं असेल तर मुळ्याचा केक, लो माय गाय आणि बाव घ्या. हार गाव आणि चाँग फन टेबलावरच संपवा, ते पुन्हा गरम केल्यावर पहिल्यासारखे होत नाहीत.